कोयता दोघांचा, चूल एकटीची

दसरा-दिवाळी उरकली की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर, वडवणी, परळी या तालुक्यांतली कितीतरी गावे महिन्याभरात ओस पडतात. मागे म्हातारीकोतारी आणि कुलूप लावलेली घरे उरतात. ट्रक-ट्रॅक्टरवर संसार चढवून ही माणसे सांगली-कोल्हापूरला, सातारा-सोलापूरला, हद्द ओलांडून कर्नाटकात जातात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की मार्च-एप्रिलात परततात. या धंद्यात मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती माणसाला देत नाही, कोयत्याला देतो. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. एकटा गडी असला तर तो अर्धा कोयता. तोडलेल्या टनांचे पैसे दोघांचे मिळून येतात आणि अंगावर राहिलेली बाकीही दोघांची मिळून असते.

म्हणजे उसाच्या फडात बाईचे काम पुरुषाच्या बरोबरीचे आहे, हे साखरेच्या धंद्याने केव्हाच मान्य केले आहे. मुकादमाने ते न्यायबुद्धीने मान्य केलेले नाही. त्याला टनाचा हिशेब कळतो म्हणून केले आहे. पण या एका हिशेबाने आपल्या समाजाचा सगळ्यात जुना बचाव मोडीत निघतो. पुरुष बाहेर राबतो, म्हणून घर बाईने सांभाळायचे, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. बीडच्या ऊसतोड जोडप्यात दोघेही बाहेर राबतात. एकाच फडात, एकाच वेळी, एकाच उचलीपोटी. मग कोपीवर, त्या तात्पुरत्या झोपडीवर, परतल्यावर चूल, पाणी, धुणे, भांडी, लेकरे हे सगळे एकटीच्या वाट्याला कोणत्या न्यायाने येते? याचे उत्तर आपल्यापाशी नाही. उत्तर नसताना आपण ही रीत चालू ठेवली आहे, आणि हाच आपला गुन्हा आहे.

तिचा दिवस नीट पाहा. बाहेर अजून अंधार असतो, तीन-साडेतीन वाजलेले असतात. ती उठते, आदल्या दिवशी गोळा केलेले जळण सारून तीन दगडांची चूल पेटवते, पीठ मळते. दुपारच्या जेवणाच्या भाकरी आताच थापायच्या, कालवण आताच करायचे, कारण एकदा फडात गेल्यावर माघारी यायला मिळत नाही. भाकरी तव्यावर असतानाच तान्हे रडू लागते, तेव्हा एका मांडीवर त्याला घेऊन ती दुसऱ्या हाताने भाकरी उलटते. नवरा उठतो तेव्हा चहा झालेला असतो. उजाडायच्या आत दोघे फडात असतात. तो बुडख्यातून ऊस तोडतो. ती पाला काढते, वाढे छाटते, मोळी बांधते. गाडी आली की तीच मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढते. गाडीची वेळ ठरलेली नसते. मध्यरात्री आली तरी उठून भरावी लागते, आणि ती भरायला दोघेही जातात.

दिवस मावळताना दोघे कोपीवर परततात. दोघांचेही हात पाल्याच्या कडांनी कापलेले असतात, दोघांचीही कंबर धरलेली असते. इथून पुढे मात्र वाटा वेगळ्या होतात. तो हातपाय धुतो, बाजेवर टेकतो, नाहीतर चार गड्यांत जाऊन बसतो. ती घागर-हंडा उचलून पाण्याला जाते. पाणी म्हणजे कुणाच्या तरी शेतातली मोटर, नाहीतर कालवा. मग भाकरी, मग भांडी, मग सगळ्यांचे धुणे, मग लेकरांचे दुखलेखुपले. सगळ्यांची पाठ टेकल्यावर तिची टेकते. तो जितका वेळ झोपला त्यातून तिचे किती तास वजा झाले, हे कुठल्याच वहीत लिहिलेले नसते. मुकादमाच्या वहीत उचल असते, बाकी असते, खाडे असतात. तिच्या झोपेचा रकाना कोणी आखलेलाच नाही.

खाड्याबद्दल थांबून बोलले पाहिजे. एक दिवस काम बुडाले की दंड लागतो, आणि जोडी एक असल्याने एकाचा खाडा दोघांना भोवतो. पाळीच्या दिवसांत, बाळंतपणाच्या तोंडावर, अंगात ताप असताना बाई फडात उभी राहते ती या भीतीने. शौचालय नाही, आडोसा नाही, धुवायला पुरेसे पाणी नाही. दुखणे अंगावर काढायचे आणि अगदीच असह्य झाले की दवाखाना गाठायचा. तिथे काही डॉक्टरांनी कॅन्सरची भीती घातली आणि पिशवीच काढून टाकायचा सल्ला दिला. २०१९ साली हा प्रकार देशभर गाजला, तेव्हा राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. दर सहा जणींमागे एक.

याला एकटे घरकाम कारणीभूत आहे असे मी म्हणत नाही. डॉक्टरांचा लोभ आहे, मुकादमाचा दंड आहे, कारखान्यांची बेपर्वाई आहे, सरकारची ढिलाई आहे. पोरवयात झालेले लग्न आणि लागोपाठची बाळंतपणे आहेत. त्या सगळ्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण दुखत्या ओटीपोटाने फडातून परतलेल्या बाईला पाण्याचा हंडा कोणी उचलायला लावला? मुकादम कोपीवर आलेला नव्हता. कारखान्याचा चेअरमन तिथे नव्हता. तिथे तिचा नवरा होता. त्या एका संध्याकाळपुरता हंडा त्याने उचलला असता, भाकरी त्याने थापल्या असत्या, तर तिला दोन तास पडायला मिळाले असते. ते दोन तास देणे त्याच्या हातात होते. त्यासाठी ना मुकादमाची परवानगी लागत होती, ना सरकारचा जी.आर.

ऊसतोड पुरुष स्वतः नागवला जातो, हे खरे आहे. उचलीच्या फासात त्याचीही मान आहे. पण आपल्या पाठीवर ओझे आहे म्हणून ते दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायचा अधिकार कोणालाच मिळत नाही. मजुरांच्या संघटनांनी दरासाठी कोयता बंद केला, संप केले, वाटाघाटी केल्या. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढवायचे ठरले. ही लढाई न्यायाची होती आणि तिला यश आले याचा आनंद आहे. मात्र इतक्या वर्षांच्या वाटाघाटींत चुलीचा प्रश्न कोणी मांडला नाही. फडातल्या अन्यायावर मूठ आवळणाऱ्या हातांनी कोपीतल्या अन्यायाकडे पाठ फिरवली.

हा अन्याय बाईपाशी थांबत नाही, लेकीपर्यंत उतरतो. आई-बाप फडात गेले की कोपीवर धाकटी भावंडे सांभाळायला कोण राहते? थोरली मुलगी. नऊ-दहा वर्षांची पोर चूल पेटवायला शिकते आणि शाळा सुटते. तिच्याहून वर्षभराने मोठा भाऊ असला तरी पाळणा आणि भांडी त्याच्याकडे जात नाहीत. पुढे चौदा-पंधराव्या वर्षी तिचे लग्न उरकतात, कारण लग्न झाले की सासरी अर्ध्या कोयत्याचा पुरा कोयता होतो. २००१ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८०७ उरल्या, साऱ्या महाराष्ट्रात सर्वांत कमी. मुलगी जन्माला यायला नको, आणि जन्मलीच तर तिचे कष्ट मात्र सगळ्यांना हवेत. ज्या समाजात या दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी नांदतात, त्याने आपल्या संस्कृतीचे गोडवे गाण्याआधी मान खाली घातली पाहिजे.

हे वाचताना बीड शहरातला, अंबाजोगाईतला, माजलगावातला शिकलेला नोकरदार मनात म्हणेल की हा मजुरांचा प्रश्न आहे. तसे नाही. नवरा-बायको दोघेही शिक्षक, दोघांची शाळा एकाच वेळेला सुटते, तरी संध्याकाळी घरात शिरल्यावर एकाच्या हातात रिमोट येतो आणि दुसरीच्या हातात लाटणे. दोघांचे पगार गृहकर्जात जातात, पण सकाळचे तीन डबे एकटी भरते. मुलाचे डोस कधी आहेत, सासूबाईंच्या गोळ्या कधी संपतात, गॅसचा नंबर कधी लावायचा, हे सगळे एकाच डोक्यात साठलेले असते. केंद्र सरकारने २०१९ साली लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात जात होती. पुरुषांत मुळात शंभरातले २६ जणच घरकामाला हात लावत होते, आणि त्यांची मिनिटे होती ९७. पाच वर्षांनी, २०२४ मध्ये, तीच पाहणी पुन्हा झाली. बायकांची मिनिटे २८९ वर आली आणि पुरुषांची ८८ वर. बाईचे काम दहा मिनिटांनी उतरले, पण घरकाम करणाऱ्या पुरुषाने ती दहा मिनिटे आपल्याकडे घेतली नाहीत. त्याचीही नऊ मिनिटे कमीच झाली.

या कामाला किंमत आहे हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. दिल्लीत रस्ते अपघातात एक जोडपे दगावले. त्यांच्या मुलांच्या भरपाईचा निकाल ५ जानेवारी २०२१ रोजी लागला. घर सांभाळणारी बाई कमावत नव्हती हे म्हणणे न्यायालयाने धुडकावले, वर सांगितलेल्या २०१९ च्या पाहणीचाच दाखला दिला आणि तिच्या श्रमांचे मोल धरायला लावले. निकाल योग्यच होता. पण विचार करा, आपल्याकडे बाईच्या घरकामाची किंमत मोजली जाते ती तिच्या मरणानंतर, विम्याच्या दाव्यात. ती जिवंत असताना तिच्या घरात ती कोणी मोजत नाही.

आता धर्माचे नाव घेणाऱ्यांशी बोलू. बीड ही वारकऱ्यांची भूमी आहे. गावोगाव सप्ताह होतात, हजारो माणसे पंगतीला बसतात. कीर्तनकार जनाबाईची कथा सांगतो. जनाबाई गंगाखेडची, आपल्या परळीच्या शेजारची. तिच्याबरोबर विठ्ठल जात्यावर बसला, त्याने दळण दळले, शेण-गोवऱ्या वेचल्या. ही कथा ऐकताना बाप्यांचे डोळे पाण्याने भरतात. पैठणला नाथांच्या घरी देवाने श्रीखंड्या होऊन कावडीने पाणी भरले, ही कथाही आपण तितक्याच भक्तीने ऐकतो. ज्या देवाच्या नावाने आपण टाळ वाजवतो त्याला दासीच्या जात्याची लाज वाटली नाही, आणि त्याच्या भक्ताला आपल्याच बायकोच्या चुलीची लाज वाटते! सप्ताहात हेच गडी भल्यामोठ्या कढयांत आमटी करतात, पुऱ्या तळतात, पंगतीला वाढतात, उष्ट्या पत्रावळी उचलतात आणि ती सेवा मानतात. म्हणजे स्वयंपाक येत नाही ही सबब खोटी आहे. गाडगेबाबांनी गावोगाव हातात खराटा घेतला. राज्य सरकारने २००० साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढले, तेव्हा सरपंचांपासून मास्तरांपर्यंत सगळ्यांनी खराटे हातात घेऊन रस्ते झाडले. रस्ता झाडल्याने जो मोठा होतो तो स्वतःच्या घराचे अंगण झाडल्याने लहान कसा होईल?

खरी अडचण लोकलाजेची आहे. गड्याने पाण्याचा हंडा उचलला की पारावरचे लोक त्याला बायल्या म्हणतात. बायकोचा गुलाम म्हणतात. सासू म्हणते, "माझ्या लेकाला भांडी घासायला लावली." दिवसभर राबलेल्या सुनेला हे ऐकवणारी सासू स्वतः तीस वर्षे याच चुलीपुढे जळलेली असते. तिला दोष देणे सोपे आहे, पण तिला दुसरे काही दाखवले कोणी? तिने आयुष्यभर पाहिले ते एवढेच, की सून आली तरच आपली सुटका. गुन्हेगार ती एकटी नाही. तिला हे शिकवणारा, टोमण्यांच्या चाबकाने चांगल्या पुरुषाला पुन्हा बाजेवर बसवणारा सारा गाव गुन्हेगार आहे. अनेक नवरे दाराला कडी लावून भाजी चिरतात, बायकोचे पाय चेपतात, आणि बाहेर कोणाची चाहूल लागली की हात पुसून उभे राहतात. दारू पिऊन गटारीत पडणाऱ्याला ज्या गावात लाज वाटत नाही, तिथे आजारी बायकोची लुगडी धुणाऱ्याला लपावे लागते. लाज कशाची वाटावी हेच आपण उलटे करून ठेवले आहे.

काही जण म्हणतील, फडात पुरुषाचे काम जड, म्हणून घरी त्याला विसावा. कोयता चालवणे जड आहेच. पण पंचवीस-तीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळी चढणे हलके आहे काय? आणि जडपणाचाच न्याय लावायचा तर पाण्याचे हंडे, जळणाचा भारा, ओल्या गोधड्यांचे धुणे ही घरातली सगळ्यांत जड कामे पुरुषाकडे यायला हवीत. तिथे ताकदीचा मुद्दा कोणी काढत नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून विचारले होते की एकाच गोष्टीला बाईसाठी एक माप आणि पुरुषासाठी दुसरे माप का. जवळपास दीडशे वर्षे झाली. मापे अजून दोनच आहेत.

हे बदलत नाही, असे मला कोणी सांगू नये. मराठी शेतकऱ्याने याहून अवघड गोष्टी केल्या आहेत. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तेव्हा नव्वदीच्या सुमारास हजारो शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा आपल्या हाताने बायकोच्या नावे करून दिला. जिथे बांधावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात, तिथे हे घडले. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांची कुंकू-बांगड्या काढण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारला सगळ्या ग्रामपंचायतींसाठी परिपत्रक काढावे लागले. २०१९ मध्ये दुसरीच्या बालभारतीत आई आणि वडील दोघे मिळून भाजी निवडताना दाखवले गेले. दूर आइसलँडमध्ये २४ ऑक्टोबर १९७५ रोजी दहापैकी नऊ बायकांनी एक दिवस नोकरी आणि घरकाम दोन्ही बंद ठेवले. बापांना लेकरे घेऊन कामावर जावे लागले, आणि पुढच्याच वर्षी तिथे स्त्री-पुरुष समानतेचा कायदा झाला. माणसे बदलतात. त्यांना बदलायला कोणीतरी भाग पाडावे लागते, नाहीतर त्यांच्या मनाने उचल खावी लागते.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. टोळी निघण्याआधी प्रत्येक जोडप्याने बसून कामे वाटून घ्यावीत, आणि ती तोंडी सद्भावनेवर न सोडता ठरवून घ्यावीत. पाणी आणि जळण गड्याचे. सकाळी एक पीठ मळत असेल तर दुसऱ्याने लेकरे उठवावीत, कालवण बघावे. संध्याकाळी भाकरी एकाने केल्या तर भांडी दुसऱ्याने घासावीत. पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात, तापात चूल पूर्णपणे नवऱ्याकडे. लेकाला आणि लेकीला सारखीच कामे आणि सारखीच शाळा; कोपीवर पोर सांभाळायला मुलीला नेण्याऐवजी तिला हंगामी वसतिगृहात ठेवावे. मुकादमाच्या करारावर दोघांची नावे आणि दोघांच्या सह्या हव्यात, आणि तिच्या अर्ध्या वाट्याचे पैसे तिच्याच खात्यावर जमा झाले पाहिजेत. मजूर संघटनांनी दराच्या मागणीबरोबर कोपीवर पाणी, शौचालय आणि पाळणाघराची मागणी पहिल्या क्रमांकावर घ्यावी. ऊसतोड कामगारांसाठी सरकारने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ केले आहे. त्याने बाईला तिच्या नावाने कामगार म्हणून ओळखावे.

ग्रामसभेने ठराव करावा की घरकाम करणाऱ्या पुरुषाची टिंगल हा गावाचा अपमान समजला जाईल. कीर्तनकारांनी जनाबाईची कथा सांगून झाल्यावर समोरच्या बाप्यांना विचारावे, की विठ्ठलाने दळले, तुम्ही कधी दळणार. सत्यशोधक समाजाने १८७३ पासूनच लग्नात वधूवरांनी एकमेकांना शब्द द्यायची रीत घातली. त्या रीतीला धरून आजच्या नवरदेवाने मांडवात, पाहुण्यांसमोर, अर्ध्या घरकामाचा शब्द द्यावा. ज्याला तो देता येत नाही त्याला मुलगी देऊ नये. आई-बापांनी हुंड्याची बोलणी करण्याऐवजी ही बोलणी करावीत.

आणि पुरुषांना शेवटचे सांगणे. तुमच्यावर होणाऱ्या अन्यायाविरुद्ध लढायला कारखाना, सरकार, सावकार यांच्याशी झुंजावे लागते. त्यात वर्षे जातात आणि यशाची खात्री नसते. तुमच्या हातून होणारा अन्याय मात्र आज संपवता येतो. त्याला मोर्चा लागत नाही, निधी लागत नाही, मंत्र्याची भेट लागत नाही. ज्या माणसाला घरात न्याय देता येतो पण तो देत नाही, त्याने बाहेर न्याय मागताना आपला आवाज चढवू नये. घरातल्या कामाचा अर्धा वाटा तुमचा आहे. तो आजपासून उचला.